देण्याघेण्याची साडी

लग्नसराईत चिखलीच्या कापड दुकानात बस्त्याला बसलं की विचारणा होते, "नेसायची दाखवू, की देण्याघेण्याची?" हा प्रश्न कुणालाच खटकत नाही, याचं मला वाईट वाटतं. जी नेसायचीच नाही अशी साडी आपण कुंकू लावून, मानानं एखादीच्या हातात ठेवतो. ती बाई घडीही न मोडता पुढच्या लग्नात ती दुसरीला देते.

फास्ट फॅशन म्हटलं की महानगरांतले मॉल डोळ्यांपुढे येतात, किंवा 2013 साली ढाक्याजवळ कोसळलेली राणा प्लाझा इमारत आणि तिच्याखाली गेलेले अकराशेहून अधिक जीव. आपल्या गावची फास्ट फॅशन मात्र ही आहेराची साडी आहे.

ती बहुधा सुरतेहून येते. कापूस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ती गठ्ठ्यांनी वाटली जाते आणि तिच्यात कापसाचा धागाही नसतो. ती असते पॉलिस्टरची, आणि पॉलिस्टर खनिज तेलापासून बनतं. सुरतेच्या यंत्रमागांवर ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातून आलेले कामगार बारा-बारा तास उभे असतात. जितके मीटर कापड, तितकी मजुरी. एकाची पाळी सुरू झाली की त्याच्या अंथरुणावर दुसरा येऊन झोपतो. 6 जानेवारी 2022 च्या पहाटे तिथल्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात बेकायदा रसायन सोडलं जात होतं. विषारी वायू पसरला आणि जवळच्या रंगाई-छपाईच्या गिरणीतले सहा कामगार गुदमरून मेले. दोनशे रुपयांच्या आत साडी मिळते, ती अशा जगण्या-मरण्यावर.

जुनं सुती लुगडं विटलं की गोधडीत जायचं. ही साडी गोधडीलाही चालत नाही. अंगावरून घसरते, घाम टिपत नाही. उकिरड्यावर टाकली तर कुजत नाही, पेटवली तर वितळून गोळा होते.

ज्या घरी आहेरात आलेली साडीच वर्षाची साडी असते, त्या घराला मी काही सांगणार नाही. तिथं ती विटेपर्यंत नेसली जाते. माझं बोलणं आहे ते कपाटं भरलेल्या आपल्यासारख्यांशी. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापणारी घरं आता पुष्कळ आहेत. पण तीच घरं मानपानासाठी पन्नास-पन्नास साड्या उचलतात. तेवढ्या पैशांत दहाबारा जणींना खरोखर नेसता येईल अशी सुती साडी येते. बाकीच्यांना हळदीकुंकू आणि पोटभर जेवण द्यावं. एखादी आत्या रुसेल, तिला घरी जाऊन समजावता येतं.

तुळशीचं लग्न लागलं की बस्ते सुरू होतील. देण्याघेण्याचा ढीग समोर आला की 'नको' म्हणायचं काम घरातल्या थोरल्यांनी करावं. सुनेनं म्हटलं, तर तिचाच हात आखडता आहे असं सगळ्या भावकीत होईल.