पाहण्याचे मोल

दिवाळीची सुटी तोंडावर आली, की घराघरांतून फराळाच्या यादीशेजारी आणखी एक कागद दिसू लागतो. कोठे जायचे, कसे जायचे, मुक्काम किती दिवसांचा, याचा तो आराखडा असतो. त्यात एक रकाना ठरलेला: तिकीट किती? एक तिकीट गाडीचे, आणि दुसरे जे पाहावयाचे त्याच्या दाराशी द्यावयाचे. पहिल्याबद्दल मनात संदेह नसतो. गाडीने आपल्याला इथून तिथे नेले, आपण दाम मोजले, व्यवहार पुरा झाला. दुसऱ्याचे तसे नाही. वाडा पाहून बाहेर पडलो, तरी वाडा होता तिथेच असतो. त्यातली एक वीटही आपली झालेली नसते. मग आपण पैसे मोजले ते कशाचे? आणि मोजले म्हणजे आपले देणे फिटले, असे म्हणता येईल काय?

प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु जगातल्या मोठमोठ्या शहाण्यांच्या गावीही त्याचे उत्तर सोपे ठरलेले नाही. ग्रीकांच्या अथेन्स नगरीचेच पाहा. तेथल्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर पार्थेनॉनचे मंदिर आहे. इ. स. पूर्व ४४७ मध्ये त्याचे काम सुरू झाले, नऊ वर्षांनी मंदिर उभे राहिले आणि शिल्पकाम पुढे ४३२ पर्यंत चालू होते. आज ते पाहावयाचे तर मनाला येईल तेव्हा टेकडी चढून भागत नाही. आधी दिवस ठरवावा लागतो, मग तास ठरवावा लागतो, आणि त्या तासाचे तिकीट घ्यावे लागते. २०२३च्या सप्टेंबरपासून तेथे दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा घातली आहे. त्याच वर्षीच्या जुलैत उन्हाच्या तडाख्यामुळे भर दुपारी काही तास दार बंद ठेवण्याची पाळी आली होती. २०२५च्या एप्रिलपासून तिकीट ३० युरो झाले, म्हणजे आपले सुमारे तीन हजार रुपये. चौघांच्या कुटुंबाने बेत आखावयाचा, तर हा आकडा आधी कागदावर मांडलेला बरा. वर्षातले काही मोजके दिवस दार सर्वांना मोफत असते. २८ ऑक्टोबर हा ग्रीकांचा राष्ट्रीय दिन त्यांपैकीच एक. तो आपल्या दिवाळीच्या आसपासच येतो, हा योगायोग काटकसरी गृहिणींनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

या तिकिटाला नावे ठेवणे सोपे आहे. देवळाचा बाजार केला, असे कोणीही म्हणेल. पण जरा थांबून विचार केला, तर तिकिटाच्या बाजूनेही बरेच बोलता येते. संगमरवर झाला तरी लाखो पावलांखाली तो झिजतोच. पडझड थांबवावयाची, चिरे सांधावयाचे, पहारा ठेवावयाचा, याला पैसा लागतो. आणि जो पाहून सुखावतो त्यानेच त्यातला काही वाटा उचलावा, यात अन्याय नाही. आपल्याकडेही अजिंठ्याच्या दाराशी २०१८ पासून देशवासीयाला ४० रुपये व परदेशी पाहुण्याला ६०० रुपये असा दर आहे, आणि पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना मुळीच आकार नाही. ठेवा ज्याचा, त्याला तो पाहणे जड जाऊ नये, एवढा विवेक त्या दरपत्रकातही आहे.

तिकिटाचा याहून मोठा गुण निराळाच आहे. ते जात विचारीत नाही. आज आपल्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटते, कारण आपण तिच्या पलीकडच्या काळात जन्मलो. पण नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा आत जाऊ इच्छिणाऱ्यांजवळ पैसा आहे की नाही, हा सवालच नव्हता. पंढरीचा विठोबा सर्वांना भेटावा म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. त्या दारांवर जे शुल्क होते ते जन्माचे होते, आणि ते कोणालाही कमावून भरता येत नव्हते. त्याच्याशी ताडून पाहिले, तर तिकीट फाडून देणारी खिडकी पुष्कळच भली म्हणावयाची. ती एवढेच पाहते, की पैसे दिले की नाही.

परंतु ती एवढेच पाहते, हेच तिचे उणेही आहे. ज्याच्याजवळ नाही त्याने काय करावे, हे तिला सुचत नाही. अथेन्सकरांना मात्र ते सुचले होते. त्याच टेकडीच्या दक्षिण उतारावर डायोनिसस देवाचे नाट्यगृह होते. उत्सवात तेथे मुखवटे घातलेले नट नाटके करीत आणि बसण्याच्या जागेला दोन ओबोल पडत. नागरिकांना हे पैसे सरकारी खजिन्यातून मिळावेत म्हणून एक निधीच निघाला. ही कल्पना पेरिक्लीजची, असे प्लुटार्क सांगतो. पुढे मॅसिडोनियाचा फिलिप चालून येऊ लागला, तेव्हा हा पैसा नाटकावरून काढून फौजेकडे वळवावा, असा आग्रह डेमॉस्थेनीसने धरला. वाद कडाक्याचा झाला. आपले नाटक पाहणे हा नागरिकाचा हक्क आहे, चैन नव्हे, असे मानणारा समाजच एवढ्या त्वेषाने असा वाद घालू शकतो.

आणि तरीही त्या नागरिकांत गुलामांची गणना नव्हती. टेकडीवरच्या एरेख्थिऑन मंदिराच्या बांधकामाचा जमाखर्च दगडावर कोरलेला आहे. तो सांगतो, की नागरिक, परगावचे रहिवासी आणि गुलाम हे एकाच कामावर शेजारीशेजारी खपत होते आणि रोज एक द्राख्मा मजुरी सर्वांना सारखीच होती. गुलामाच्या हातात त्यातले किती उरे, ते मात्र दगड सांगत नाही. द्राख्मा म्हणजे सहा ओबोल. नाटकाचे दोन ओबोल ज्याला नगराने दिले तो नागरिक, आणि मंदिर ज्याच्या घामाने उभे राहिले त्यात दोन ओबोल न मिळालेलेही पुष्कळ.

मग सर्वच दारे मोफत केली तर? हा उपाय मनाला फार आवडतो. पण फुकट म्हणजे न्याय्य, असे समीकरण मांडण्यापूर्वी लंडनला एक फेरी मारून यावी. पार्थेनॉनवरची निम्म्याच्या आसपास उरलेली शिल्पे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती उतरवून नेली आणि १८१६ साली ब्रिटिश पार्लमेंटने ती विकत घेतली. तेथे ती पाहावयाला एक पैही लागत नाही. नेलेल्या वस्तूचे दर्शन फुकट, आणि ज्या मंदिरावरची ती, ते मंदिर पाहावयाला ३० युरो! तेव्हा तिकीट असणे किंवा नसणे यावरून दाराची नीती ठरत नाही, एवढे मानले पाहिजे. ती ठरावयाची असेल, तर दाराच्या आत-बाहेर जी माणसे आहेत त्यांच्यावरून.

यासाठी इतक्या दूर जावयाचीही गरज नाही. मुंबईहून किंवा नाशिकहून एका दिवसाच्या अंतरावर पालघर जिल्ह्यातले जव्हार-मोखाडे आहे. थंड हवेमुळे जव्हारला ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत; २०१४ साली जिल्हा निराळा झाला, तरी नाव टिकून आहे. तेथे मुकणे या महादेव कोळी घराण्याचे राज्य सुमारे सहाशे वर्षे नांदले आणि १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यांचा जयविलास राजवाडा आजही पाहुण्यांना ओढून नेतो. वाडा खाजगी मालकीचा. पाहणाऱ्यांनी तो प्रवेशमूल्य देऊन पाहिला आहे. गावाजवळच शिरपामाळ आहे. १६६४ साली सुरतेवर जाताना शिवाजी महाराज येथे थांबले, जव्हारच्या राजाने त्यांचे स्वागत करून त्यांच्या शिरावर मानाचा तुरा खोवला आणि म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. त्या उघड्या माळावर वारा फुकट आणि आठवणही फुकट. पावसाळ्यात लेंडी नदीवरचा दाभोसे धबधबा पाहावयाला गर्दी लोटते.

आणि तेथे बोहाडा होतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी गावोगाव रात्रभर देवदानवांची सोंगे निघतात. संबळ वाजू लागतो, मशाली पेटतात आणि भले थोरले मुखवटे चढवून गणपती, सारजा, रावण एकामागून एक नाचत येतात. काही सोंगांचा मान पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे असतो. डायोनिससच्या नाट्यगृहातही मुखवटेच होते. पण येथे कोणाला दोन ओबोल द्यावे लागत नाहीत, कारण येथे तिकिटाची खिडकीच नाही. जो आज पाहतो तो उद्या नाचतो. खर्च गावाचा, जागरण गावाचे, देवी गावाची. पाहणे आणि करणे यांची जिथे अजून फाळणी झालेली नाही, तिथे तिकीट जन्मालाच येत नाही. ते जन्माला येते ते आपण पाहुणे म्हणून गेल्यावर.

पाहुण्याने जाऊ नये, असे मला म्हणावयाचे नाही. जाण्यापूर्वी त्याने एक हिशेब करावा, एवढेच म्हणणे आहे. मोखाड्यात पाऊस दणकून पडतो, आणि तरी उन्हाळ्यात तेथल्या कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. त्याच तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ पासून त्याचे पाणी मुंबईला मिळते. म्हणजे धबधबा पाहावयाला निघालेला मुंबईकर घरून निघताना जो पेला पिऊन निघतो, त्यात हा मुलूख आधीच आलेला असतो. त्याचे बिल आपण वेळेवर भरतो. बिल भरले, तेव्हा प्रश्न मिटला, असे आपल्याला वाटते.

दुसरी गोष्ट या दिवसांतलीच आहे. दिवाळी सरते, भात आणि नागली घरात येते, आणि या दोन तालुक्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे मुलेबाळे, भांडीकुंडी घेऊन भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. तेही एक प्रवासाचे नियोजनच असते. फरक असा, की आपण जाण्यापूर्वी पैसे देतो आणि ते जाण्यापूर्वी घेतात. त्याला उचल म्हणतात. घेतलेली उचल पावसाळ्यापर्यंत विटा पाडून फेडावयाची. ती फिटली का, हे पुष्कळदा मालकाची वही ठरवते. याच पट्ट्यात एके काळी लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या घरी राबत. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी उठाव करून वेठीची आणि लग्नगड्याची चाल मोडली. गोदावरी परुळेकरांनी ती हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

येथे पैशाचा एक विलक्षण स्वभाव ध्यानात येतो. गरिबाने घेतलेल्या पैशाने देणे सुरू होते आणि काही केल्या ते संपत नाही. आपण दिलेल्या पैशाने मात्र देणे तिथल्या तिथे संपते. तिकिटाचा अर्धा तुकडा फाटला, की आपण मोकळे! एकाच समाजात एकच नाणे एकाला बांधते आणि दुसऱ्याला सोडवते, ही गोष्ट निरागस नाही.

यावर कोणी म्हणेल, की सुटीच्या चार दिवसांत हे ओझे कशाला? आम्ही कर भरतो, तिकीट काढतो. पाणी पुरवणे सरकारचे काम. आक्षेप रास्त आहे. पाहुण्याने धबधब्यापाशी उभे राहून हळहळावे, यात कोणाचेच भले नाही. दुसऱ्याच्या दारिद्र्यावर सुस्कारा टाकून स्वतःचे मन हलके करून घेणे ही तर तिकिटाचीच आणखी स्वस्त आवृत्ती झाली. आपल्याकडे जुन्यांनी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण मानले. त्यातले मर्म असे, की ही ऋणे ज्याची त्याला परत करावयाची नसतात. ऋषींचे ऋण शिकून आणि शिकवून, पितरांचे पुढची पिढी वाढवून फेडावयाचे. ऋण मानले म्हणजे माणूस खचत नाही. त्याच्या वागण्याला वळण लागते.

पाहण्याच्या ऋणाचेही तसेच असावे. ज्याने ते मानले, तो दाभोशाला वाट दाखवणाऱ्या पोराची मजुरी घासाघीस करून पाडणार नाही. वारली चित्र घेताना ते कोणाच्या हातचे, हे विचारील. बोहाड्याच्या रात्री नाचणाऱ्याच्या तोंडावर दिव्याचा झोत मारणार नाही. बोलावले तर जाईल आणि बसावयाला सांगतील तिथे बसेल. परतल्यावर मोखाड्याच्या टँकरची बातमी वाचील, तेव्हा ती त्याला परक्या मुलुखाची वाटणार नाही; आणि धरणाच्या पाण्यात धरणाकाठच्या गावांचा वाटा असावा, असे कोणी म्हणाले, तर मुंबईकर म्हणून त्याच्या नळाला किती कमी येईल, एवढ्यावर त्याचे मत ठरणार नाही. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. तिला ३० युरोंपेक्षा जास्त पडतात.

तेव्हा बेत जरूर आखावा. अथेन्सचा आखावा, जव्हारचाही आखावा. तिकीट रांगेत उभे राहून, पुरते पैसे देऊन, खुशीने काढावे. ते आपल्याला तासभर उभे राहण्याची जागा देते, आणि ही जागा थोडीथोडकी नाही. फक्त तिला पावती समजू नये. दिवाळीनंतर घाट उतरणाऱ्या एस. टी.त आणि चढणाऱ्या एस. टी.त वाटेत कोठेतरी क्षणभर गाठ पडते. एकीत भट्टीवर निघालेली माणसे असतात, दुसरीत धबधब्यापाशी निघालेली. तिकीट दोघांनीही काढलेले असते.