डीजे म्हणजे कोण?

अमरावतीकडच्या चांदूर बाजार गावात ‘डीजे’ म्हटलं की डोळ्यांपुढे माणूस येत नाही. गाडी येते, तिच्यावर रचलेले बेस आणि टॉपचे डबे येतात. ‘डीजे लावला’, ‘डीजे मागं घ्या’, ‘डीजे बंद करा’ ही सगळी बोलणी यंत्राविषयीची. वाजवणाऱ्या पोराला फार तर ‘ऑपरेटर’ म्हणतात. लग्नसराईतल्या एका रात्री दहानंतर, वायरी गुंडाळून झाल्यावर, गाडीच्या फाळक्यावर दोघं बसले होते. एक तो पंचविशीतला वाजवणारा. दुसरा त्याचा मामा, उभी हयात बँडपार्टीत क्लॅरोनेट वाजवलेला. भाचा अंगठ्यानं मोबाइलचा पडदा खाली ओढत होता. सोडायचा, पुन्हा ओढायचा.

मामा : काय पाहून रायला बे मघापासून?

भाचा : आजच्या वरातीचा रील टाकला. व्ह्यूज तीनशेच्या वर जातच नाही.

मामा : वरातीत त पोट्टे घामानं भिजले. नवरदेवाचा आजा बी नाचला. थे कुठं मोजलं?

भाचा : थे कोनाले दिसते, मामा? पुढचं गिऱ्हाईक मोबाइलातच पाहाते. पहिले फॉलोअर इचारते, मंग भाव. रील नाही त सुपारी नाही.

मामा : अन् झोप?

भाचा : लागत नाही. काल शंभर जनं ‘कडक’ म्हने. एकानं लिहिलं, ‘परतवाड्याचा डीजे यापेक्षा भारी.’ शंभर इसरलो, तो एक पाठ झाला.

मामा : असा एक आमच्या टायमाले बी राहे. पन तो समोर उभा राहे. बहिरमच्या जत्रेत तमाशाचे फड लागत. रंगला नाही त लोकं उठून जात. वाईट वाटे, पन तंबू गुंडायला का त्याच्यासंगं थे बी गुंडायल्या जाये. तुह्यावालं गुंडायल्याच जात नाही.

भाचा : पन तुमाले भेटलं काय? वरातीत तुमी साऱ्यायच्या पुढं, पंगतीत साऱ्यायच्या मागं. तीस वर्षं वाजोलं, नाव कोनाले ठाऊक हाय? लोकं म्हनत, ‘बँडवाले आले.’ मले या मोबाइलनं पहिल्यांदा नाव देलं. अमरावतीहून फोन येते, थो माह्या नावानं येते.

मामा जरा वेळ बोलला नाही. खिशातला अडकित्ता काढला, सुपारी कातरली.

मामा : खरं हाय. मले बी नाव पायजे होतं. नाही म्हनलं त खोटं होईन. पन थे तुह्यावालं नाव घरचं हाय का भाड्याचं?

भाचा : भाड्याचंच. 29 जून 2020 ले सरकारनं टिकटॉक बंद केलं. रात्रीतून खातं गेलं, फॉलोअर गेले. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं रील्स आनले. तिकडं पुन्हा पहिल्यापासून.

मामा : मंग सोडून दे. आपल्या माधानचे गुलाबराव महाराज पाह्य. तान्हे असताना डोये गेले. 34 वर्षांचं आयुष्य, पन शंभरावर ग्रंथ सांगून गेले. आपल्याकडं कोन पाहून रायलं, हे त्यायले कधी दिसलंच नाही.

भाचा : थे महाराज होते, मामा. मले गाडीचा हप्ता हाय. अन् सोडून बी सुटका होतेच असं नाही. स्वीडनचा एक डीजे होता, एविची. जगभर वाजवे. तब्येतीपायी 2016 मध्ये दौरे बंद केले. एप्रिल 2018 मध्ये मस्कतले वारला थो. 28 वर्षांचा. त्याले फॉलोअर कमी नवते.

मामा : म्हंजे कमी असले तरी तरास, जास्त असले तरी तरास.

भाचा : म्हनूनच उमजत नाही. ठेवलं त झोप जाते, सोडलं त धंदा.

मामा : आज दहाले आवाज काहून बंद केला?

भाचा : कायदा हाय ना. 2000 सालचा. रात्री दहा ते सकायी सहा भोंगा बंद.

मामा : थो गावाच्या झोपेसाठी. तुह्या झोपेचा कायदा कोन करन? तुह्या खिशातला डीजे त दहाले बंदच होत नाही.

भाचा : त्याचा ऑपरेटर मी थोडीच हाय! मशीन कुठंतरी दूर हाय. काय वाजवाचं थे त्यायनं ठरवाचं. मी निरा नाचतो.

मामा : मंग घरी केव्हा जाचं, एवढं त नाचनाराच ठरवते ना? रील टाक, सुपारीचा फोन घे. पन मोजनं सकायी. दहानंतर मोजनं बंद. जीव लयच घाबरला त माह्याशी बोल.

भाचा : असं बोलाले सरकारचा नंबर बी हाय, 14416. टेलि-मानस. चोवीस तास, फुकट. पन मामा, मोजलं नाही म्हनून भूक जाते का?

मामा : नाही जात. अर्धंच तुह्या हातात हाय.

तेवढ्यात मांडवातून कुणीतरी ओरडलं, “ओ डीजे, बाजूला घ्या, पाहुन्यायची गाडी निघत नाही!” दोघंही उठले. भाचा अजून जेवला नव्हता.

उरलेलं अर्धं आपल्या हातात आहे. चार तास आपल्याला नाचवणाऱ्याला आपण डब्यांच्या नावानं हाक मारतो, आणि मग तो आपलं नाव अनोळखी लोकांच्या अंगठ्यांकडे मागत बसला की मोबाइलला दोष देतो. पुढच्या लग्नात वाजवणाऱ्याला त्याचं नाव विचारा, आणि त्यानं वायरी गुंडाळायला घेण्याआधी त्याला पंगतीला बसवा.