हनुवटीवरची लव

आमच्या शाहूवाडी तालुक्यात श्रावणाची झड लागली म्हणजे माणसे घरात कोंडली जातात आणि एरवी मनातच राहणारे विषय ओठांवर येतात. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी माझी भाची माझ्यापाशी भुईमुगाच्या शेंगा फोडीत बसली होती. कोल्हापुरात कॉलेजात शिकणारी ही मुलगी, रंगाने आमच्या घरातल्या साऱ्यांसारखी काळीसावळी. मान वर न करता तिने विचारले, "मावशी, लेसर करून घेऊ का गं?"

कशासाठी, हे मला विचारावे लागले नाही. तिच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला राठ केस येत. चिमट्याने ते उपटता उपटता ती रडकुंडीला येई, हे मी पाहिले होते. पण मी पडले शिक्षिका. उत्तर तयारच होते. आपला पंढरीचा देव सावळा, केस हे निसर्गाचे देणे, शिकलेल्या मुलीने लोकांच्या नजरेला किती भ्यावे, असे बरेच काही मी बोलले. बोलणे चांगले रंगले, असेही मला वाटले. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडू लागली. ते "बरं" मी होकार समजले. वर्गातही माझी हीच चूक होते.

गौरींच्या सणाला ती आली ती तोंडाला ओढणी गुंडाळून. दाराच्या उजेडात तिने ओढणी सोडली, तेव्हा जबड्याच्या दोन्ही बाजूंना बिब्बा घातल्यासारखे काळपट डाग ओळीने उठलेले दिसले. शहरातल्या एका दुकानात स्वस्त दराची जाहिरात पाहून, खानावळीचे पैसे वाचवून, ती एकटीच गेली होती. तिथे कुणी तिला काही विचारले नाही. चटका बसला तेव्हा यंत्र चालवणारी म्हणाली, "थोडं सोसावंच लागतं."

"मावशी, मी काळी म्हणून असं झालं व्हय?" भाचीने विचारले.

या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी एस.टी.ने कोल्हापूरला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी समजावून सांगितले ते असे. केसाचा काळा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्याचा. लेसरचा उजेड ते द्रव्य शोषून घेते, तापते आणि त्या उष्णतेने केसाचे मूळ दुखावते. नेमक्या द्रव्याला नेमका उजेड देऊन भोवतालचे वाचवायचे, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकन संशोधकांनी 1983 साली मांडले. परंतु तेच मेलॅनिन आपल्या कातडीतही असते. उजेडाला केस कळत नाही, कातडी कळत नाही. त्याला फक्त काळेपणा कळतो. गोऱ्या कातडीत काळा केस असला की त्याचे काम सोपे. सावळ्या कातडीत तो वरच्या थरालाच भाजून काढू शकतो.

मग सावळ्यांना उपाय नाही का? आहे. सुरुवातीच्या रूबी लेसरचा उजेड 694 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा. एनडी-याग नावाच्या लेसरची लहर 1064 नॅनोमीटरची. ती मेलॅनिनमध्ये कमी अडकते आणि खोल जाते, म्हणून काळ्या कातडीला अधिक सुरक्षित. त्याबरोबर कातडी थंड ठेवायची, उजेडाचा ठोका लांबवायचा, आधी लहानशा जागेवर करून पाहायचे आणि थांबायचे. वाढीला लागलेला केसच या उजेडाला दाद देतो, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने सहा किंवा अधिक वेळा यावे लागते. पांढऱ्या केसावर उपाय चालत नाही. केस कायमचे कमी होतात, सगळेच जातात असे नव्हे. आणि चेहऱ्यावर क्वचित उलटे होऊन ते वाढतातही. आणखी एक गोष्ट बाईंनी विचारली, जी मलाही सुचली नव्हती. "पाळी वेळेवर येते का?" असे केस हे पुष्कळदा पीसीओएस या विकाराचे लक्षण असते. ते न तपासता नुसते केस जाळणे म्हणजे धूर पुसणे आणि आग तशीच ठेवणे.

परतीच्या वाटेवर मी गप्प होते. एक गोष्ट मला टोचत होती. दुकानातल्या मुलीने "सोसावंच लागतं" म्हटले. मी तरी निराळे काय म्हटले होते? माझे शब्द उंची होते इतकेच. आम्हां दोघींपैकी कुणीही तिच्याकडे नीट पाहिले नव्हते.

त्वचेचे सहा प्रकार सांगणारी एक यादी आज सर्वत्र वापरतात. फिट्झपॅट्रिक या डॉक्टरांनी 1975 साली ती केली, तेव्हा तीत चारच प्रकार होते आणि ते गोऱ्यांचे. तपकिरी आणि काळी माणसे मागाहून आली. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. समोर जे रोगी होते त्यांच्यावरून माप घेतले. पण माप एकदा ठरले की त्यात न बसणारा आपल्यालाच दोष देऊ लागतो. "मी काळी म्हणून" असे माझी भाची म्हणाली, "ते यंत्र माझ्यासाठी नव्हतं म्हणून" असे नाही.

2024 साली उत्तर प्रदेशाच्या दहावीच्या परीक्षेत 600 पैकी 591 गुण मिळवून एक मुलगी पहिली आली. वर्तमानपत्रांत फोटो आला आणि लोकांनी गुण सोडून तिच्या ओठावरचे केस मोजले. एखाददुसरा गुण कमी पडला असता तर बरे झाले असते, असे त्या पोरीला वाटले. अशा मुलीला "लोकांकडे लक्ष देऊ नकोस" हा उपदेश खरा असला तरी पुरेसा नाही. हसणारे बिनघोर राहतात आणि धैर्य मात्र तिनेच दाखवायचे!

आणि ही हौस परकी आहे, असेही मला म्हणवत नाही. आमच्या आज्या तान्ह्या मुलीला न्हाऊ घालताना डाळीचे पीठ आणि दूध चोळीत, ते लव जावी आणि रंग उजळावा म्हणूनच. तेव्हा केस ठेवावेत की काढावेत, हा माझ्या मते नीतीचा प्रश्न नाही; जिचा चेहरा तिने ते ठरवावे. नीतीचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. ती विचारायला येते तेव्हा आपण तिला एकटी पाडतो की तिच्याबरोबर उठतो? मोठ्यांचा नकार तरुणांना थांबवीत नाही. तो त्यांना फक्त गुपचूप जायला लावतो, आणि गुपचूप जाणाऱ्याला नेहमी स्वस्तातला आणि धोक्याचा दरवाजा सापडतो.

वर्ष झाले. उन्हापासून जपल्यामुळे आणि औषधामुळे डाग पुष्कळ फिकट झाले आहेत. पीसीओएसवर उपचार चालू आहेत. या श्रावणात ती पुन्हा शेंगा फोडीत बसली आणि म्हणाली, "बाई म्हणतात, आता चांगल्या यंत्रावर करून बघता येईल. पण अजून माझं ठरंना."

माझ्या जिभेवर पुन्हा व्याख्यान आले होते. ते मी गिळले आणि विचारले, "ठरलं तर कुठल्या वारी जायचं? मला रजा टाकावी लागेल."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला ती येणार आहे. उटणे मीच लावणार आहे. मात्र हनुवटीपाशी हात हलका ठेवायचा, हे या वेळी मला कुणी सांगावे लागणार नाही.