सहकार्याचा कर्ता कोण?

'शाश्वत विकास' या संज्ञेला जागतिक चर्चेत प्रतिष्ठा मिळाली ती ब्रुंटलँड आयोगाच्या 1987 च्या अहवालाने. पुढच्या पिढ्यांच्या क्षमतेला बाध न आणता आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, हा तिचा आशय. त्यासाठी राष्ट्रांनी संशोधनात परस्परांशी सहकार्य करावे, हे ओघानेच आले. या विधानाला सहसा कोणी विरोध करीत नाही. आणि ज्याला विरोधच नसतो, त्याची नैतिक तपासणी बहुधा राहून जाते. सहकार्य ही क्रिया मानली, तर तिचा कर्ता कोण? दोन शासने आणि दोन संस्था, की ज्यांच्या भूमीवर, पाण्यावर आणि पूर्वसंचित ज्ञानावर ते उभे राहते, ती माणसेही? भिलाई आणि तिच्या भोवतीचा छत्तीसगडचा भातप्रदेश या प्रश्नाच्या विचाराला चांगला आधार देतात.

मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती त्याची राजधानी नागपूर होती. त्याही आधी, विसाव्या शतकाच्या आरंभी, दोराबजी टाटांना दल्ली-राजहऱ्याच्या लोहखनिजाचा सुगावा लागला तो नागपूरच्याच संग्रहालयातील भूस्तरीय नकाशावरून. या खनिजाची नोंद प्रमथनाथ बोस यांनी 1887 मध्ये केली होती. आणि बोस त्या वेळी अभ्यास करीत होते तो त्या भागातील देशी लोखंड-उद्योगाचा. म्हणजे भूशास्त्रज्ञ पोहोचला तेव्हा भट्टी पेटवणारा माणूस तेथे होताच. तरीही 'शोध' हा शब्द आपण नकाशा काढणाऱ्यासाठी राखून ठेवतो.

1955 चा करार त्या काळाच्या मानाने उदार होता. अडीच टक्के व्याज, बारा वार्षिक हप्त्यांची परतफेड, भारतीय अभियंत्यांना सोव्हिएत कारखान्यांत प्रत्यक्ष प्रशिक्षण. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लक्ष टन पोलादाची क्षमता असलेला हा कारखाना पुढे देशाच्या रेल्वेला रूळ पुरवू लागला. येथे ज्ञान खरोखर हस्तांतरित झाले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण हस्तांतरणाला दोनच हात पुरतात. पोलाद कसे करावे, याचे उत्तर त्या करारात होते. तांदुळा धरणाचे जे पाणी मुळात शेतीसाठी अडवलेले होते, त्यात कारखान्याचा वाटा किती आणि तो कोणी ठरवायचा, हा प्रश्न विचारण्याची जागा त्यात नव्हती.

ती जागा पुढे खाणकामगारांनी मागितली. 1977 मध्ये दल्ली-राजहऱ्यात उभ्या राहिलेल्या छत्तीसगड माइन्स श्रमिक संघाने पूर्ण यांत्रिकीकरणाला नुसता विरोध केला नाही. उत्पादन वाढावे आणि हातांचे कामही टिकावे, यासाठी अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला. वस्तुतः तो एक संशोधनप्रस्तावच होता. आपण मात्र त्याची गणना केवळ कामगार-आंदोलनात करतो. त्या संघटनेचे नेते शंकर गुहा नियोगी यांची 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईतच हत्या झाली.

लोखंडाकडून भाताकडे वळले, की हाच प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. भिलाईहून रायपूर तासाभराच्या अंतरावर. तेथे 1970 च्या दशकात डॉ. आर. एच. रिछारिया यांनी भाताचे सुमारे एकोणीस हजार नमुने गोळा केले. दुबराज, विष्णुभोग, जवाफूल, बादशाहभोग, सफरी, गुरमटिया: यांतील प्रत्येक नाव म्हणजे कोणा शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीची नोंद आहे. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेशी, तिच्या वाणांच्या आणि देशी बियाण्यांच्या प्रश्नावर, रिछारियांचा दीर्घ संघर्ष झाला. पुढे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आलेला हा संग्रह 2002 मध्ये पुन्हा वादात सापडला. सिंजेंटा या स्विस कंपनीशी संशोधन-सहकार्याचा प्रस्ताव होता. शेतकरी आणि नागरिक संघटनांनी आक्षेप घेतल्यावर डिसेंबरमध्ये कंपनीने माघार घेतली. ज्यांनी हे वाण जपले, त्यांना न विचारता त्यांविषयी करार कसा होऊ शकतो, एवढाच आक्षेपाचा गाभा होता.

मग दारे बंदच करावीत काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्याच फिलिपाइन्समधील संस्थेत 1976 मध्ये सिद्ध झालेला 'आयआर-36' हा वाण अनेक देशांच्या भातांच्या संकरातून आला, आणि एका विषाणूरोगाशी झुंजण्याचे बळ त्याला उत्तर प्रदेशातील एका रानभाताने दिले. ते बी आपण कुलपात ठेवले असते, तर आशियातील लक्षावधी शेतकऱ्यांचे पीक अधिक असुरक्षित राहिले असते. बियाणे मुळात फिरतेच. देवाणघेवाण हा शेतीचा स्वभाव आहे.

शिवाय अन्याय नेहमी परदेशातूनच येतो, असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 पासून 'पटेल-3' या वाणातून वेगळी लोंबी निवडत जाऊन एक बारीक तांदूळ सिद्ध केला आणि त्याला लोकप्रिय घड्याळाचे 'एचएमटी' हे नाव दिले. तो दूरवर पसरला. पण विद्यापीठीय संशोधनाच्या चौकटीत या अल्पशिक्षित, अल्पभूधारक माणसाला संशोधकाचे स्थान सहजी मिळाले नाही. 2018 मध्ये ते निवर्तले तेही हलाखीत. येथे ना परदेश होता, ना करार. ज्ञानी कोणास म्हणावे, याचे आपले मोजमापच तोकडे होते.

1992 च्या जैविक विविधता कराराने राष्ट्रांचा आपल्या जैवसंपत्तीवरील हक्क मान्य केला. 2010 च्या नागोया मसुद्याने लाभाच्या न्याय्य वाटपाचे नियम घातले. हे मोठेच पाऊल होय. तथापि लाभातील वाटा शेवटी येतो. प्रश्नातील वाटा आधी यावा लागतो. काय शोधायचे, कशासाठी आणि कोणती किंमत देऊन, हे ठरवताना जो उपस्थित नव्हता, त्याला नंतर दिलेला वाटा मोबदला ठरतो, सहकार्य नव्हे.

आज राजहऱ्याचे साठे आटत चालले आहेत आणि भिलाईची दृष्टी रावघाटच्या डोंगरांकडे वळली आहे. पोलादाच्या निर्मितीतून बाहेर पडणारा कर्बवायू कमी कसा करावा, यावर देशोदेशी संशोधन चालू आहे. भिलाईलाही त्यात इतरांची साथ लागेल आणि ती घ्यावीही. मात्र रावघाटच्या पायथ्याच्या गावांतील माणसे त्या संशोधनाच्या कागदावर केवळ 'बाधित' म्हणून नोंदली जातात, की प्रश्नकर्ते म्हणून, यावरूनच त्या विकासाला शाश्वत म्हणावे की नाही, हे ठरवावे लागेल.