पाण्याजवळ असूनहि

(योहानकृत शुभवर्तमान, अध्याय 5, वचनें 1 ते 15)

यरुशलेमांत बेथेस्दा नांवाचें एक तळें होतें व त्याच्या कांठीं पांच पडव्या होत्या, हें आपण जाणतां. त्या पडव्यांत आंधळे, लंगडे व लुळे पडून असत. त्यांतील एक मनुष्य 38 वर्षांचा दुखणाईत होता. तळें होतें, पाणी होतें, डोक्यावर छप्परहि होतें. तरी तो जेथल्या तेथेंच पडून राहिला. प्रभूनें त्याची विचारपूस केली, तेव्हां त्यानें पाण्याविषयीं गाऱ्हाणें केलें नाहीं. आपणास पाण्यांत उतरविणारें माणूस नाहीं, हें त्याचें दुःख होतें. ह्याच गोष्टीकडे आज आपण लक्ष द्यावें असें आम्हांस वाटतें.

विश्रामबाग हें ठिकाण बेथेस्देच्या पडवीसारखेंच आहे. एका अंगास सांगली, दुसऱ्या अंगास मिरज; आणि 1998 सालीं सांगली, मिरज व कुपवाड मिळून एकच महानगरपालिका झाली. मिरजेंत डॉक्टर विल्यम वानलेस यांनीं 1894 सालीं रुग्णालय उघडलें. विश्रामबागेच्या शेजारच्या वानलेसवाडीस त्यांचेंच नांव आहे, आणि क्षयरोग्यांसाठीं आरोग्यभवनहि तेथेंच उभें राहिलें. त्या काळीं ह्या रोगावर औषध नव्हतें. रॉबर्ट कॉक यांनीं त्याचा जंतु 1882 सालीं ओळखिला होता. परंतु त्यावर चालणारें पहिलें खात्रीचें औषध, स्ट्रेप्टोमायसीन, 1943 सालीं सांपडलें. तोंवर मोकळी हवा, विसावा व सकस अन्न एवढाच काय तो आधार. पुढें 1962 सालीं मिरजेंत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. आज क्षयाची तपासणी व औषधें सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात. साध्या क्षयाचा रोगी बहुधा सहा महिन्यांच्या नेमानें घेतलेल्या औषधानें बरा होतो. सकस आहारासाठीं 2018 सालापासून रोग्यास सरकारकडून दरमहा 500 रुपये मिळूं लागले. नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले आहेत. म्हणजे तळें भरलेलें आहे.

असें असून जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा आपल्याच देशांत कां? दारिद्र्य, अपुरें अन्न व दाटीवाटीचीं घरें हीं कारणें खरींच. परंतु आणखी एक कारण आहे. पाणी व दुखणेकरी यांच्यामध्यें चार पावलांचें अंतर असतें, आणि तें चार पावलांचें अंतर सर्वांत लांब असतें.

कुपवाडच्या कारखान्यांत रोजावर राबणारा एखादा बाप डोळ्यांसमोर आणा. त्यास महिनाभर खोकला आहे, सायंकाळीं अंग तापतें, वजन उतरत आहे. दवाखाना दूर नाहीं; पण सकाळीं रांगेंत उभें राहिलें कीं दिवसाचा रोज बुडतो. कोणत्या खिडकीवर कागद द्यावा हें त्यास कळत नाहीं. गल्लींत कळलें तर मुलीचें लग्न अडेल ह्या भयानें तो खोकला दाबून धरितो. कसाबसा उपचार सुरू झाला, तर दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, आणि "आतां बरा झालों" म्हणून तो गोळ्या सोडतो. मग तोच रोग अधिक बळकट होऊन परत येतो, पहिल्या औषधांस जुमानीत नाहीं, आणि घरांतील लेंकरांसहि धरतो. हा बाप पाण्याजवळच बुडाला, असें म्हणावें लागतें.

आतां आपलें कर्तव्य पाहूं. दवाखाने बांधणें सर्व मंडळ्यांच्या आटोक्यांतलें नाहीं. परंतु दुखणेकऱ्याचें माणूस होणें अगदीं लहान मंडळीसहि साधतें. उपदेशक बंधूंनो, उपासनेस कोण आलें नाहीं हें आपण पाहतांच. तो कां आला नाहीं हेंहि पाहा. ज्यास दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे त्याच्या थुंकीची तपासणी झाली पाहिजे; त्यास नुसतें "जा" म्हणूं नका, त्याच्याबरोबर जा. मंडळींतील कोणी तरी सहा महिने रोज त्याच्या दारीं डोकावून "गोळी घेतली ना?" एवढें विचारावें. रोज बुडाला त्या दिवशीं त्याच्या चुलीवर भाकरी भाजली जाईल अशी सोय शेजाऱ्यांनीं करावी.

कोणी म्हणतात, प्रार्थना केली म्हणजे औषध नको. औषध घेणें हा अल्पविश्वास होय. प्रियजनहो, हें शिक्षण शास्त्रांतलें नव्हे. लूक वैद्य होता आणि पौलानें त्यास प्रिय म्हटलें. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलानें थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितलें. गोळी गिळण्यापूर्वीं प्रार्थना करा, गिळल्यावर उपकार माना. परंतु गोळी टाकूं नका. ज्या देवानें जंतूचा पत्ता मनुष्यास लागूं दिला, त्याचाच हात त्या औषधांतहि आहे.

शेवटीं त्या कथेंतील आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्या. तो मनुष्य उठला, बाज उचलून चालूं लागला, आणि लोकांनीं काय केलें? 38 वर्षांनीं उठलेल्या माणसाबरोबर कोणी आनंद केला असें लिहिलेलें नाहीं. शब्बाथ दिवशीं बाज कां उचलली, हाच प्रश्न त्यास प्रथम ऐकावा लागला. आपल्यांतहि असें घडतें. औषध पुरें करून, डॉक्टरांनीं बरा झाला असें सांगितलेला भाऊ उपासनेस येतो, आणि सतरंजीवर त्याच्या शेजारची जागा मोकळी राहते. पंगतींत त्याचें ताट वेगळें पडतें. क्षय ताटवाटींतून पसरत नाहीं. तो उपचार न झालेल्या रोग्याच्या खोकल्यांतून हवेंत जातो. म्हणून जो उपचार घेतो तो सर्व गांवाचें रक्षण करितो. त्यास दूर बसविणें म्हणजे पुढच्या रोग्यास लपून राहावयास शिकविणें होय.

त्या तळ्याकांठीं पुष्कळ लोक येत जात असतील. त्या मनुष्यापाशीं मात्र एकटा प्रभु थांबला. येत्या आठवड्यांत आपल्या गल्लींत ज्या घरांतून रात्रीं खोकला ऐकूं येतो, त्या घरीं आपणहि थांबावें. आणि कोणत्याहि दुखणेकऱ्यास "मला माणूस नाहीं" असें म्हणावें लागूं नये, अशी कृपा तो आपल्या सर्व मंडळ्यांस देवो. आमेन.