सिस्टचं मराठी

रेडिऑलॉजीच्या रिपोर्टमध्ये शेवटी एक वाक्य बऱ्याचदा असतं : 'क्लिनिकल कोरिलेशन अ‍ॅडव्हाइज्ड.' म्हणजे, स्कॅनमध्ये हे दिसतंय. पेशंटच्या त्रासाशी त्याचा संबंध आहे का, ते तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावं. ही एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेली चिठ्ठी. पण हल्ली तिची पीडीएफ आधी आईबाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येते, आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट असते चार दिवसांनी.

अँटॉप हिलला आमच्या बिल्डिंगमध्ये असे चार दिवस मी पाहिलेत. आठ वर्षांच्या एका मुलीचं डोकं वरचेवर दुखायचं, म्हणून एमआरआय काढला. दुखण्याचं कारण त्यात मिळालं नाही. मिळालं भलतंच : एक छोटी 'अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट'. मी कॉम्प्युटरवाला, म्हणून तिचे बाबा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. तोवर घरात त्या शब्दाचं मराठी होऊन गेलं होतं : डोक्यात गाठ. आणि परळ हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या भागात 'गाठ' म्हटलं की पुढचा शब्द 'टाटा'च असतो. मुलीचा शिवाजी पार्कचा मल्लखांब त्याच दिवशी बंद झाला. डॉक्टर भेटले तेव्हा म्हणाले, "काही नाहीये, टेन्शन घेऊ नका." दोन मिनिटांत सगळे बाहेर. मल्लखांब काही सुरू झाला नाही. 'गाठ' आणि 'काही नाही' यांतला जड शब्दच घरात राहिला.

ही सिस्ट म्हणजे मेंदूच्या आवरणात साठलेल्या स्वच्छ पाण्याचा कप्पा. बहुतेकदा जन्मापासूनचा, आणि बहुतेकदा आयुष्यभर गप्प बसणारा. अमेरिकेत ११,७३८ मुलांचे एमआरआय तपासले, तेव्हा २.६ टक्के मुलांत तो सापडला. तिथल्याच दुसऱ्या मोठ्या अभ्यासात नऊ-दहा वर्षांच्या साधारण पाचातल्या एका मुलाच्या मेंदूत काही ना काही 'वेगळं' दिसलं. डॉक्टरांना दाखवा असं सांगावं लागलं ते शंभरातल्या चौघांना.

मग असं काही दिसलं तर सांगावंच का? एक उत्तर : नको, उगाच घाबरतील. ते मला पटत नाही. मागितल्यावर केसपेपर द्यावेच लागतात, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केलंय. शिवाय लपवलेली गोष्ट पुढे दुसऱ्या स्कॅनमध्ये दिसली, तर आधीच्या डॉक्टरांच्या कुठल्याच शब्दावर विश्वास उरत नाही.

दुसरं उत्तर : सगळं सांगून मोकळं व्हा. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. सिस्टिम हजार वॉर्निंग्ज ओकते, त्यांतली गंभीर कुठली ते सांगत नाही. मग माणूस एकतर सगळ्यांना घाबरतो, नाहीतर एकही वाचत नाही. आणि सापडलेल्या गोष्टीवर काहीतरी करावंसं वाटतंच. जपानने १९८० च्या दशकात सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा हा कॅन्सर शोधायची देशभर मोहीम काढली. भरपूर गाठी सापडल्या. त्यांतल्या अनेक आपोआप विरून जाणाऱ्या होत्या, तरी बाळांवर उपचार झाले. २००४ मध्ये मोहीम थांबवली.

मला वाटतं, गोष्टीसोबत तिचं वजनही सांगितलं, तरच ती सांगितली असं म्हणता येईल. भारतातल्या डॉक्टरांसाठीची २००२ ची आचारसंहिताही हेच म्हणते : गांभीर्य वाढवून सांगू नये, कमी करूनही सांगू नये. म्हणजे 'काही नाही' हेसुद्धा त्यात बसत नाही. हे नेमकं काय आहे, किती मुलांत असतं, कुठलं लक्षण दिसलं तर परत यायचं, मुलीने खेळायचं की नाही, एवढं हवं. खात्री नसेल तर 'बहुतेक' म्हणावं, आणि का ते सांगावं. स्कॅनच्या आधीच "यात कधीकधी संबंध नसलेलंही काही दिसतं" एवढं बोलून ठेवावं. सायन किंवा केईएमच्या ओपीडीतली गर्दी पाहिली की डॉक्टरांकडे वेळ नाही हे मान्यच आहे. पण 'गाठ' म्हणायला जितका वेळ लागतो, साधारण तितक्यातच 'पाण्याचा कप्पा' म्हणून होतं.

या सगळ्यात मुलीला कुणी विचारलेलं नसतं. जोएल फाइनबर्ग या तत्त्वज्ञाने १९८० मध्ये मांडलं होतं की मुलांचं भविष्य मोकळं राहणं हा त्यांचा हक्क आहे; मोठेपणी जे निर्णय ती स्वतः घेणार, ते आपण आजच संपवून टाकू नयेत. रिपोर्ट फायलीत राहील, अठराव्या वर्षी ती वाचेलही. तोवर दहा वर्षं 'आजारी मुलगी' म्हणून वाढवणं हाही एक निर्णयच असतो, आणि तो बहुधा भीती घेते. आतल्या खोलीतून तिने 'गाठ' ऐकलेलं असतं. तिला झेपेल असं काहीतरी तिलाही सांगायला हवं.

डॉक्टरांची वाट बघत असताना घरातला इंग्रजी रिपोर्ट वाचायचं काम बहुधा तुमच्या-माझ्या वयाच्या कुणाकडे येतं. त्या क्षणी आपणच पहिले दुभाषे असतो. अर्थ माहीत नसेल तर 'सिस्ट'ला सिस्टच म्हणावं, आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून द्यावेत. पहिला प्रश्न : ती खेळू शकते ना?