बिदागी

बत्तीस वर्षं मी नारदीय कीर्तन करते. चैत्रातल्या रामाच्या नवरात्रात पेठेतल्या एका देवळात माझं कीर्तन ठरलेलं असतं, दुपारी साडेतीनला. आरती झाली, बुक्का लागला की विश्वस्त हातात नारळ, ब्लाउजपीस आणि पाकीट ठेवतात. गेल्या वर्षी पाकिटात अकराशे एक रुपये होते. पेटीवाल्यांना पाचशे दिले, तबलजींना पाचशे. उरले एकशे एक, आणि जाऊन-येऊन रिक्षाचे झाले होते एकशे साठ. त्याच उत्सवात संध्याकाळी सातला उभे राहणाऱ्या बुवांना पाच हजार मिळाले. हे मला बुवांनीच सांगितलं, कारण त्यांनाही ते खटकलं होतं.

मी विश्वस्तांना विचारलं. ते फार गोड बोलले. म्हणाले, “ताई, तुमची सेवा आहे. निष्काम कर्म तर तुम्हीच आम्हाला शिकवता.” मला उत्तर सुचलं नाही. नारळ पिशवीत घालून मी घरी आले.

उत्तर शोधायला मला माझ्या नातीने भाग पाडलं. ती फुटबॉल खेळते, डाव्या बगलेला. संध्याकाळी एसएसपीएमएसच्या मैदानावरून येते तेव्हा तिच्या बुटांच्या खिळ्यांत लाल माती घट्ट बसलेली असते. गॅलरीत बसून जुन्या चमच्याच्या दांड्याने ती एकेक खिळा मोकळा करते आणि मग पोटऱ्यांवरचे शिनगार्ड दोरीवर वाळत घालते. एकदा जेवताना तिने सांगितलं की भारतीय फुटबॉल महासंघाने एप्रिल २०२३ मध्ये एक नियम ठरवला: महिलांच्या वरच्या लीगमधल्या आठ क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला कमीत कमी ३ लाख २० हजारांचा करार करायचा. मी मनात भागाकार केला. महिन्याला साडेसव्वीस हजारांच्या आसपास. देशातल्या सर्वोत्तम मुलींसाठी ही खालची रेघ, आणि तीसुद्धा आत्ता आखलेली. तिचा काका म्हणाला, “हौस आहे तोवर खेळावं. पैशाकडे बघून खेळू नये, गीतेतच सांगितलंय.” नातीने माझ्याकडे पाहिलं. “आजी, खरंच असं लिहिलंय?”

त्या रात्री मी वडिलांचं जुनं ‘गीतारहस्य’ काढलं. टिळकांनी ते मंडालेच्या तुरुंगात लिहिलं, १९१५ साली पुण्यात छापलं. आमच्या घरी ते देवघराच्या फळीवर असायचं. टिळकांचा सारा भर एका गोष्टीवर आहे: सोडायची ती फळाची आसक्ती, कर्म नव्हे. आता हा उपदेश कोणाला केलेला आहे ते नीट पाहावं. कर्म करणाऱ्याला. अर्जुनाला सांगितलं, की तू स्वतःच्या मनाला असं वळण लाव. ज्याच्यासाठी कर्म होतं, त्याला कुठेही सांगितलेलं नाही की करणारा निष्काम आहे, तेव्हा तू त्याचं देणं बुडव. घेणाऱ्यासाठी वेगळं सांगणं आहे, ते तिसऱ्या अध्यायात. यज्ञचक्राच्या प्रकरणात भगवंत म्हणतात की दिलेलं उपभोगून जो परत काही देत नाही तो चोर. शब्दच चोर असा आहे. बत्तीस वर्षांत दुसऱ्या अध्यायावर मी किती वेळा बोलले असेन, पण तिसऱ्यातली ही ओळ अशी कधी वाचली नव्हती, याचं मला त्या रात्री वाईट वाटलं.

निष्कामता मी स्वतःहून पत्करली तर ते व्रत. ती समोरच्याने माझ्यावर लादली, तर माझ्या व्रताच्या नावाने त्याची बचत होते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. बुवांना गर्दी होते, पुरुषांचे सामने लोक बघतात, पैसा तिकडून येतो, मग जास्त वाटा त्यांना का नको? मीही हे बरेच दिवस मान्य करत होते. पण दुपारी साडेतीनला पेठेत जागं कोण असतं? मला ती वेळ द्यायची आणि मग सतरंजीवरची डोकी मोजून बिदागी ठरवायची! इंग्लंडमध्ये तर याहून वाईट झालं. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक केर या कारखान्याच्या मुलींचा सामना बघायला ५३ हजार माणसं आत होती. पुढच्याच वर्षी ५ डिसेंबरला तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली, आणि ती बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. गर्दी नव्हती म्हणून मैदान गेलं असं नाही. मैदान गेलं म्हणून गर्दी गेली.

आणि क्लबाचं एक वेळ सोडून देऊ, तो तिकिटं विकतो. देशाचा शर्ट ही विकायची वस्तू नाही. देश ज्याला बोलावतो त्याला एकाच कामासाठी बोलावतो. जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशिया चषक महाराष्ट्रात झाला. काही सामने आमच्या घरापासून बाराएक किलोमीटरवर बालेवाडीला होते. करोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, म्हणून नात आणि मी टीव्हीपुढे बसलो. आपल्या संघात करोना शिरला आणि इराणशी बरोबरी केल्यावर आपल्या मुलींना स्पर्धाच सोडावी लागली; नात रडली होती. पण ३० जानेवारीला बालेवाडीत फिलिपिन्सच्या मुलींनी चायनीज तैपेईला पेनल्टींवर हरवलं आणि पहिल्यांदाच विश्वचषक गाठला. त्यांच्या गोलरक्षक मुलीने पेनल्ट्या अडवल्या आणि स्वतःही एक मारली. समोर खुर्च्या रिकाम्या होत्या. तिचं काम त्यामुळे कमी झालं का? त्या स्पर्धेत बक्षिसाची रक्कम प्रथमच ठेवली होती, सगळी मिळून १८ लाख डॉलर. पुरुषांच्या २०१९ च्या आशिया चषकात ती १ कोटी ४८ लाख होती.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. महिला क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ च्या एप्रिलमध्ये इथेच झाली. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ. त्या पिढीतल्या मुली पदरचे पैसे घालून, आरक्षण नसलेल्या डब्यांतून सामन्यांना जात. आपल्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी त्याच काळात खेळून भारताच्या कर्णधार झाल्या, पुढे महिला क्रिकेट संघटनेच्या सचिव. २००५ च्या विश्वचषकात आपला संघ उपविजेता ठरला, तेव्हा सामन्यामागे हजार रुपये मिळाल्याचं मिताली राज यांनी सांगितलं आहे. मग २७ ऑक्टोबर २०२२ ला क्रिकेट मंडळाने सामन्याचं मानधन सारखं केलं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६, टी-ट्वेंटीला ३. वार्षिक करारांत मात्र त्या वेळी बायकांची सर्वांत वरची श्रेणी ५० लाखांची आणि पुरुषांची ७ कोटींची. तरी सामन्याच्या पैशांचा तो आकडा मला मोठा वाटतो. कारण तो जाहीर झाल्या दिवशी स्टेडियम भरलेलं नव्हतं. आधी मानधन सारखं झालं. नवी मुंबईच्या भरल्या मैदानावर मुलींनी विश्वचषक उचलला तो त्यानंतर तीन वर्षांनी, २ नोव्हेंबर २०२५ ला.

फुटबॉलमध्ये मला सगळ्यांत भावलं ते नॉर्वेचं. २०१७ मध्ये तिथे दोन्ही राष्ट्रीय संघांचं मानधन सारखं झालं, आणि ते जमावं म्हणून पुरुष खेळाडूंनी आपल्या वाट्यातले साडेपाच लाख क्रोनर सोडले. हे वाचलं आणि मला जनाबाई आठवली. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं दाखवतात. जनीची गोष्ट सांगून आम्ही कीर्तनकारांनी किती बायकांना मुकाट राबायला शिकवलं असेल! पण कथेत विठोबा काय करतो? जने, तुझी सेवा आहे, चालू दे, असं म्हणून तो विटेवर उभा राहत नाही. तो खाली बसतो आणि खुंट्याला हात लावतो. बत्तीस वर्षं मी हे आख्यान लावते आहे आणि टाळी नेहमी जनीच्या भक्तीला घेतली, देवाच्या हाताला नाही.

नातीला मी सांगितलं की काकाने अर्धं वाचलंय. तिला तिसरा अध्याय काढून दिला. तिने वाचला आणि परत बूट साफ करायला बसली.

यंदा फाल्गुनात त्या देवळातून फोन आला. बुवांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, गरज पडली तर माझी वेळ तुम्ही घ्या. मी विश्वस्तांना म्हटलं, संध्याकाळी सात, आणि बिदागी बुवांच्या इतकी; पूर्वरंगाला तिसरा अध्याय आहे, उत्तररंगाला जनाबाई. ते म्हणाले, बैठकीत ठेवतो. बैठक अजून व्हायची आहे.